जावातल्या छोट्या गावात फिरायला जायचं का, आणि पैसे लावायचे का?

तुम्ही विचारलंय ते आधी परत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. नाशिककडे तुमची द्राक्षबाग आहे, सोबत छोटं कृषी पर्यटन केंद्र, आणि जानेवारीत तुम्ही दोघं नवरा-बायको बालीला जाणार आहात. तिथून जावा बेटावर योग्याकार्ताला जायचं डोक्यात आहे. कुणीतरी तुम्हाला तिकडच्या एका खेड्याची चार पानी माहिती पाठवली, हिरवी भातखाचरं, हसरी मुलं, धबधबा, आणि शेवटी 'पर्यटक आणि गुंतवणूकदारांसाठी उत्तम संधी', तर जायचं का आणि चाळीस-पन्नास लाख लावायचे का.

मी ग्रामीण पर्यटनाच्या कामात चौदा वर्षं आहे, आधी कोकण आणि मावळ पट्टा, नंतर येऊन-जाऊन योग्याकार्ता. जायला माझं उत्तर हो आहे, अगदी मनापासून हो. पैसे लावायचं उत्तर तुम्ही ज्या पद्धतीने विचार करताय त्या पद्धतीने नाही, पण दुसऱ्या एका पद्धतीने कदाचित हो, आणि तेच सविस्तर सांगायचंय. तुम्हाला आलेल्या त्या गावाबद्दल मी बोलणार नाही कारण त्या चार पानांत कामाचं काहीच नाहीये. त्याऐवजी मला चांगलं माहीत असलेलं गाव घेतो, न्ग्लांगेरान. उच्चार अवघड वाटेल पण आपल्याला सोपा आहे, क-ख-ग-घ नंतरचा जो ङ आपण शाळेत पाठ केला आणि पुढे कधी वापरला नाही तो इथे शब्दाच्या सुरुवातीलाच लागतो.

गाव योग्याकार्ता शहरापासून साधारण 25 किलोमीटर, गुनुंगकिदुल जिल्ह्यात पातुक तालुक्यात. वोनोसारी रस्त्याने निघायचं, घाट चढला की पातुक, तिथून डावीकडे आत. तासाभराचा प्रवास. लोकसंख्या अडीच हजाराच्या आसपास, पाच वाड्या. वाडीला तिकडे दुकुह म्हणतात आणि गावप्रमुखाला लुराह. बाकी इंडोनेशियात गावाला देसा म्हणतात, आपल्या 'देश' शब्दावरूनच आलेला, आणि पर्यटनाचं गाव म्हणजे देसा विसाता. योग्याकार्तात मात्र सुलतानाची गादी अजून आहे आणि तो सुलतानच प्रांताचा गव्हर्नर असतो, त्यामुळे गावाला कालुराहान, तालुक्याला कापानेवोन अशी जुनी नावं परत आणलीत. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे जमिनीचा विषय येईल तेव्हा हे सुलतान प्रकरण लागणार आहे.

गावाच्या डोक्यावर गुनुंग आपी पुर्बा, म्हणजे प्राचीन ज्वालामुखी. आत्ताचा जिवंत मेरापी उत्तरेला आहे, हवा स्वच्छ असली की इथून दिसतो. पण न्ग्लांगेरानचा डोंगर कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झालेला. काळे, प्रचंड, गोळ्या-दगडांनी भरलेले कातळ. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला वाटतं ओळखीचं दिसेल, पण आपला बेसाल्ट थरांवर थर असा पायऱ्यांसारखा असतो आणि इथे ज्वालामुखीतून उडालेले दगड राखेत चिकटून झालेला खडक आहे, हात लावला की फरक कळतो. माथा साधारण 700 मीटर, चढायला तास-दीड तास. मध्ये दोन कातळांमधली एवढी अरुंद चीर लागते की पाठीवरची सॅक काढून पुढे धरावी लागते. 2015 साली युनेस्कोने गुनुंग सेवू हा इथला डोंगराळ पट्टा ग्लोबल जिओपार्क (खडक-डोंगरांचा वारसा म्हणून जपायचा प्रदेश) म्हणून मान्य केला, त्यात हा डोंगर आहे. गंमत अशी की गुनुंग सेवूचा दक्षिण भाग सगळा चुनखडीचा, पाऊस पडला की पाणी सरळ जमिनीखाली, उन्हाळ्यात टँकर. न्ग्लांगेरान उत्तरेच्या ज्वालामुखी पट्ट्यात असल्याने जरा बरं, पण कोरड्या महिन्यांत पाण्याची ओढ इथेही असतेच.

म्हणूनच एम्बुंग. एम्बुंग म्हणजे आपलं शेततळं, फक्त टेकडीचा माथा कापून साधारण 500 मीटर उंचीवर केलेलं. 2013 मध्ये सुलतानाच्या हस्ते उद्घाटन झालं. मूळ काम काय तर खाली 20 हेक्टरच्या आसपास ड्युरियन (फणसासारखं उग्र वासाचं फळ) आणि लोंगनची (लिचीसारखं फळ) बाग आहे तिला पाणी. पण तळ्यात आकाश दिसतं, समोर काळा डोंगर, संध्याकाळी उजेड असा पडतो की लोक फोटोसाठीच यायला लागले आणि शेततळं हेच पर्यटनस्थळ झालं. तुमच्याकडेही प्लास्टिक अंथरलेलं शेततळं असेल ना, त्याच्या काठावर कधी बसायची जागा केलीय का? मला हे बघितल्यावर आपल्याकडची शेकडो शेततळी आठवली, तारेचं कुंपण आणि 'पोहण्यास मनाई'ची पाटी.

आता मुख्य गोष्ट. कुठल्याही गावाची माहिती वाचताना मी डोंगर-धबधबा सोडून आधी एकच शोधतो, इथे निर्णय कोण घेतं आणि घेतलेला निर्णय नुकसान झालं तरी पाळतात का. न्ग्लांगेरानमध्ये हे बघायला मिळतं, म्हणून मी हे गाव निवडलं.

1999 च्या सुमारास गावातल्या तरुण मंडळाने (तिकडे कारांग तारुना म्हणतात) उघड्या बोडक्या डोंगरावर झाडं लावायला सुरुवात केली. तेव्हा लोक दगड फोडायचे, झाडं तोडायचे, पोरं शहरात किंवा परदेशात कामाला. 27 मे 2006 ला पहाटे योग्याकार्ताचा मोठा भूकंप झाला, 5,700 हून जास्त माणसं गेली, हा सगळा भाग हादरला, काम थांबलं आणि नंतर परत उभं राहिलं. मग पोकदारविस आला. म्हणजे पर्यटन चालवणारा गावातलाच गट, प्रत्येक देसा विसातामध्ये असतो, कागदावर तर असतोच. तिकीट लावलं, पार्किंग, गाईड, होमस्टे. फोटो इंटरनेटवर फिरले आणि 2014 मध्ये वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास माणसं आली. अडीच हजारांच्या गावात सव्वातीन लाख! शनिवार-रविवारी डोंगरावर रांग, कचरा, पायवाटा झिजून माती उघडी, आणि बहुतेक लोक दोन तास येऊन फोटो काढून जाणार, गावात खर्च काय तर पार्किंग आणि एक चहा.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, आणखी पार्किंग, आणखी टपऱ्या. इथे गटाने बैठका घेऊन ठरवलं की माणसं कमी करायची. तिकिटाचा दर वाढवला आणि जोर सगळा मुक्कामाच्या पॅकेजवर दिला, शाळा-कॉलेजच्या मुलांनी दोन-तीन दिवस घरांमध्ये राहायचं, भात लावायचा, कोकोची फळं फोडायची, गामेलान (जावातली पारंपरिक वाद्यं) वाजवायला शिकायचं. 2016 पर्यंत संख्या 1 लाख 70 हजारांच्या घरात आली, म्हणजे जवळपास निम्मी. आणि उत्पन्न 2014 मध्ये 1.4 अब्ज रुपिया होतं ते 1.8 अब्जाच्या आसपास गेलं. घाबरू नका, एका रुपयाला ढोबळ 180-190 रुपिया धरा, म्हणजे पाऊण कोटीवरून कोटीच्या जवळ. 2017 ला आसियानचा सामुदायिक पर्यटनाचा पुरस्कार मिळाला आणि 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने पहिल्यांदाच उत्तम पर्यटन गावं निवडली त्यात हे नाव होतं. पुरस्कारांपेक्षा मला तो मधला निर्णय मोठा वाटतो. एकेका पार्किंगवाल्याला, एकेका टपरीवाल्याला गर्दी कमी होणार हे पटवायचं म्हणजे किती संध्याकाळी बसून बोलावं लागलं असेल, हे मी स्वतः अशा बैठका घेतल्यात म्हणून सांगू शकतो. त्यांच्याकडे याला मुस्यावाराह म्हणतात, हात वर करून मतदान नाही, सगळ्यांचं होकारावर येईपर्यंत बोलत राहायचं. बाहेरच्याला वेळखाऊ वाटतं. पण एकदा ठरलं की मागे कुरबूर कमी.

आणि ही 'पुरे' म्हणायची सवय नवीन नसावी असं मला वाटतं, कारण याच डोंगराच्या अंगावर काम्पुंग पितु आहे. पितु म्हणजे सात. तिथे सातच कुटुंबं राहायची अशी पिढ्यानपिढ्याची रीत, आठवं कुटुंब झालं तर काहीतरी वाईट होतं अशी श्रद्धा. मुलाचं लग्न झालं की एक तर त्याच घरात राहायचं किंवा खाली उतरून दुसरीकडे घर करायचं. श्रद्धा म्हणून ऐका किंवा उतारावरची जमीन आणि झऱ्याचं पाणी किती घरांना पुरतं याचा जुना हिशोब म्हणून ऐका, मला दुसरं जास्त पटतं. तिथे जाल तर आत घुसून घरांचे फोटो काढू नका, गाईडला घेऊन जा, बसा, चहा घ्या.

गावाच्या नावाचीही गोष्ट सांगतात. सुगीनंतर कळसूत्रीसारखा वायांगचा खेळ ठेवला होता, चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीचा खेळ, त्यात आपलेच पांडव असतात. गावच्या पोरांनी खोडी काढून बाहुली मोडली, बाहुल्या नाचवणारा दालांग चिडला आणि पोरांना बाहुल्याच करून डोंगरावर फेकलं. न्ग्लांगेरान म्हणजे आगळीक, मर्यादा मोडणं, त्यावरून नाव. डोंगराचे राखणदार म्हणून ओंगको विजोयो आणि सोबत सेमार वगैरे पुनाकावान मंडळी (वायांगमधले विदूषकी सेवक) मानतात. गाव मुस्लिम आहे, पाच वेळा बांग होते, आणि या गोष्टीही तितक्याच आपुलकीने सांगतात. तिथे कुणाला 'हे कसं काय?' विचारत बसू नका, आपल्याकडे गावोगावी पीर आणि म्हसोबा शेजारी नांदतात तसंच धरा.

आता पैशाचं. तुमचे पन्नास लाख म्हणजे साधारण 90 ते 95 कोटी रुपिया, आकडा ऐकायला खूप भारी. पण इंडोनेशियात परदेशी माणसाने धंदा करायचा तर पीटी पीएमए नावाची कंपनी काढावी लागते, आणि तिच्यासाठी गुंतवणुकीची कायदेशीर अट प्रत्येक व्यवसायाला 10 अब्ज रुपियापेक्षा जास्त, तीही बहुतेक व्यवसायांत जमीन-इमारत सोडून. म्हणजे आपले सव्वापाच कोटींच्या पुढे. परदेशी कंपनी ही तिथे 'मोठा उद्योग'च धरतात, छोटे धंदे स्थानिकांसाठी ठेवलेत, होमस्टे त्यातच येतं. म्हणजे 'गावात चार खोल्यांचं होमस्टे टाकू' हा तुमचा विचार कायद्याच्या दारातच अडतो. मला हा कायदा योग्य वाटतो, हेही सांगून टाकतो. उद्या कुणी परदेशी कंपनी तुमच्या शेजारी येऊन घरगुती जेवणाची खानावळ काढायला लागली तर तुम्हाला कसं वाटेल.

मग कुणीतरी तुम्हाला सांगेल, अहो सोपं आहे, जमीन माझ्या नावावर घेऊ, आपल्यात वेगळा करार करू. हे कृपा करून करू नका. 1960 च्या तिथल्या जमीन कायद्यात स्पष्ट आहे की पूर्ण मालकी हक्क (हाक मिलिक) फक्त इंडोनेशियन नागरिकाचा, आणि आडवळणाने परदेशी माणसाकडे जमीन नेणारा व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. पैसे परत मागता येत नाहीत हे कायद्यातच लिहिलंय, दोनदा वाचा. शेअर दुसऱ्याच्या नावावर ठेवायच्या करारालाही 2007 च्या गुंतवणूक कायद्याने बंदी आहे. माझ्या ओळखीतले पुण्याचे एक गृहस्थ, समुद्राकाठच्या एका गावात (न्ग्लांगेरान नाही) त्यांनी ड्रायव्हरच्या नावावर जागा घेतली, तीन बांबूच्या झोपड्या बांधल्या, चार वर्षं छान चाललं, मग त्या ड्रायव्हरचं घरात भावांशी वाटणीवरून बिनसलं आणि भावाने जागा आमची म्हणून कुलूप लावलं. हे गृहस्थ पोलिसांत पण जाऊ शकले नाहीत कारण जाऊन सांगणार काय. ड्रायव्हर वाईट माणूस नव्हता हो, आजही फोन करतो, रडतो. व्यवहारच असा होता.

लीजने जागा घेता येते, कंपनी असेल तर हाक गुना बांगुनान म्हणजे बांधकामाचा हक्क 30 वर्षं, वाढवून मिळतो. पण योग्याकार्तात आणखी एक थर आहे. बरीच जमीन सुलतानाच्या किंवा पाकुआलाम या तिथल्या दुसऱ्या राजघराण्याच्या गादीची, आणि गावाची सामाईक जमीन (तानाह कास देसा) सुद्धा मूळ गादीची धरली जाते. 2012 च्या विशेष दर्जाच्या कायद्याने हे पक्कं केलं. गावाची जमीन वापरायला गव्हर्नरची परवानगी लागते, ती विकता येत नाही, तिच्यावर घरं बांधून विकायची तर सोडूनच द्या. 2023 मध्ये अशा जमिनींवर बेकायदा बांधकामाची प्रकरणं बाहेर आली, जागा सील झाल्या, लोकांना जेलही झाली. त्यामुळे कुणी 'गावची जागा आहे, सरपंचाशी बोललोय' म्हणाला की तिथेच थांबा आणि परवानगीचा कागद दाखवा म्हणा. भातशेतीची संरक्षित जमीन हा अजून वेगळा विषय, 2009 च्या कायद्याने तिचा वापर बदलता येत नाही. तुमच्या चार पानांतल्या त्या सुंदर हिरव्या खाचरांवर 'व्हिला साइट' असं लिहिलंय, ते मला बघताक्षणी खटकलं.

तर मग काय करता येईल? इथे मला तुमचाच धंदा जास्त उपयोगाचा वाटतो. न्ग्लांगेरानमध्ये कोकोची झाडं पूर्वीपासून होती, शेतकरी ओल्या बिया व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात द्यायचे. तुम्ही द्राक्षं देत होतात तसंच. मग सरकारी संशोधन संस्थांनी ट्रेनिंग आणि मशीन दिली, 2016 ला ग्रिया चोकलात सुरू झालं, म्हणजे चॉकलेट घर, तिथे आंबवणं, वाळवणं, भाजणं, दळणं सगळं गावातच, आणि गावातल्याच बायका चालवतात. चॉकलेट ड्रिंकची पाकिटं, चॉकलेटमध्ये बुडवलेले केळ्याचे चिप्स. पर्यटक दोन तास बसून स्वतः चॉकलेट बनवतो आणि चार पाकिटं घेऊन जातो. आंबवणं हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा बरं का, पाच-सहा दिवस बिया पेटीत ठेवून फिरवायच्या, नाहीतर चॉकलेटचा वासच येत नाही, आणि हे नीट करणाऱ्याला भाव चांगला मिळतो. वहिनींना बेदाण्याची चाळणी-प्रतवारी माहीत आहे, त्यांना हे दोन मिनिटांत कळेल आणि तिथल्या बायकांशी भाषा न येताही गप्पा होतील, मी अशा भेटी बघितल्यात.

आणि शेळ्या! घरोघरी लांब लोंबत्या कानांच्या, फुगीर नाकाच्या शेळ्या दिसतील, त्यांना काम्बिंग एतावा म्हणतात. उत्तर प्रदेशातल्या इटावाची ती आपली जमनापारी, डच काळात तिकडे नेली, स्थानिक शेळीशी संकर झाला आणि पेरानाकान एतावा ही जात झाली. दूध काढतात, त्याचे पदार्थ करून विकतात, लेंडीखत कोकोच्या झाडांना. तुम्ही गोठ्याजवळ जाऊन 'ही आमच्याकडची' म्हणालात तर घरातले सगळे बाहेर येतील.

तर तुमच्या हातात येण्यासारखं काय, तर खरेदी आणि माणसं. तुमच्या केंद्रावर येणारे ग्रुप, तुमच्यासारखेच शेतकरी, वर्षातून दोन बॅच, प्रत्येकी पंधरा-वीस जण, तीन रात्री गावात मुक्काम, आणि पैसे थेट गटाच्या खात्यात पॅकेज म्हणून. यात तुम्हाला कंपनी नको, जमीन नको. दुसरं, त्यांचा कोको किंवा पावडर घेऊन तुमच्या बेदाण्यावर चॉकलेटचं कोटिंग, हे नाशिकला करा, भारतातले आयातीचे आणि अन्न सुरक्षेचे नियम तुमच्या सीएला विचारून. उलट तुमचा माल तिकडे विकायचा असेल तर हलाल सर्टिफिकेटचा विषय येतो, खाण्यापिण्याच्या वस्तूंना ते आता टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालंय. तिसरं, माणसांची देवाणघेवाण, तिकडची दोन मुलं तुमच्याकडे महिनाभर, तुमचा एक मुलगा तिकडे. यातून लगेच नफा नाही, पण विश्वास यातूनच तयार होतो, आणि जावात विश्वासाशिवाय कुणी खरा भाव सांगत नाही.

पन्नास लाख आत्ता लावूच नका. पहिल्या वर्षी दोन-तीन लाखांचा प्रवास, नमुने आणि एक बॅच एवढंच धरा.

तुलनेसाठी अजून एक गाव सांगतो, पोंगगोक, क्लातेन जिल्ह्यात, योग्याकार्ताहून फार लांब नाही. तिथे स्वच्छ झऱ्याचं तळं आहे, पाण्याखाली बसून मोटरसायकलवर फोटो काढतात. 2009 ला गावाने बुमदेस म्हणजे गावाच्या मालकीची कंपनी काढली आणि 2016-17 पर्यंत वर्षाची उलाढाल 10 अब्ज रुपियाच्या वर गेली. तिथे गावकऱ्यांनी स्वतः घरटी 50 लाख रुपियापर्यंत, आपले सत्तावीस हजार समजा, घालून हिस्सा घेतला. 2014 च्या गाव कायद्यानंतर केंद्राचा निधी थेट गावांना जायला लागला, त्यामुळे चांगल्या गावाला बाहेरच्या छोट्या भांडवलाची तशी गरजच उरत नाही, त्यांना गिऱ्हाईक पाहिजे असतं. आणि ज्या गावाला तुमच्या भांडवलाची घाई आहे, त्या गावात गट चालतोय का हे मी आधी तपासेन. मागच्या वर्षीचा हिशोब भिंतीवर लावलाय का, होमस्टेच्या पाळ्या सगळ्या घरांना समान फिरतात का की लुराहच्या नातेवाईकांकडेच जातात, कचरा कुठे जातो, मुक्कामाच्या पैशातले किती घरमालकाला आणि किती गटाला, शेवटची बैठक कधी झाली. ही माहिती चार पानांत कधीच नसते, पण गावात दोन दिवस राहिलं की चहाच्या टपरीवर पण कळते.

प्रवासाचं आता भराभर. भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, 5 लाख रुपिया, 30 दिवस, एकदा तेवढाच वाढवता येतो, ऑनलाइन आधी काढलात तर रांग वाचते, पासपोर्टला सहा महिने शिल्लक पाहिजेत. या व्हिसावर बैठका चालतात, काम नाही. बालीत उतरलात तर तिथला दीड लाख रुपियाचा पर्यटक कर वेगळा. योग्याकार्ताचा नवीन विमानतळ शहरापासून लांब आहे, पण ट्रेन आहे, पाऊण तासाच्या आत तुगु स्टेशन. तिथून गावाला ड्रायव्हरसकट गाडी करा, अ‍ॅपची टॅक्सी जाताना मिळेल पण परत येताना गावात मिळत नाही.

जानेवारीबद्दल मी जरा नाराज आहे, तो भर पावसाळा. कातळ निसरडे होतात, पहाटेचा सूर्योदयाचा ट्रेक बहुधा ढगात जातो, धबधबा मात्र भरलेला असतो, कोरड्या महिन्यात तो नसतोच जवळपास. मे ते सप्टेंबर उत्तम. पण जानेवारीचा एक मोठा फायदा, ड्युरियनचा सीझन. वासाला घाबरू नका, फणसासारखं फोडा आणि डोळे मिटून पहिला गरा खा. तारखा बदलणं शक्य नसेल तर जा, फक्त डोंगर सकाळी लवकर करा, पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो, आणि चांगल्या पकडीचे बूट न्या.

तुम्ही शाकाहारी आहात म्हणालात. टेम्पे आणि ताहू (सोयाबीनचंच दोन्ही) घरोघरी, पालेभाजीवर खोबरं घातलेला उराप तर आपल्या कोकणातला वाटेल, योग्याकार्ताचा गुदेग म्हणजे कच्च्या फणसाची गोडसर भाजी, आणि गुनुंगकिदुलची खासियत थिवुल, वाळवलेल्या कसाव्याच्या पिठाचं, दुष्काळात भाताऐवजी खायचे ते आता आवडीने खातात. अडचण एकच, तेरासी, म्हणजे सुकटीचा वाटलेला गोळा, तो चटणीत आणि भाजीत न सांगता असतो. 'तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा दागिंग' एवढं पाठ करा, तान्पा म्हणजे विना. होमस्टेच्या बाईंना आदल्या रात्री सांगा, आयत्या वेळी सांगितलं तर बिचाऱ्या संकोचाने मान हलवतात आणि मग काय करावं कळत नाही त्यांना. तळलेले नाकतोडे समोर आले तर नको म्हणून हसा, तोंड वाकडं करू नका, ते त्यांचं मानाचं खाणं आहे.

बोलताना मोठ्या पुरुषाला पाक, बाईला बु, तुमच्याएवढ्या किंवा लहान मुलाला मास, मुलीला म्बाक. कुणाच्या समोरून जाताना जरा वाकून 'नुवुन सेवू', देता-घेता उजवा हात. आवाज खाली. आपण शेतावरचे लोक मोठ्याने बोलतो, त्यांना ते भांडण वाटतं. आणि पैशाचं बोलणं पहिल्या दिवशी काढू नका. पहिल्या संध्याकाळी एम्बुंगवर जा, दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर आणि दुपारी चॉकलेट घर, रात्री होमस्टेच्या ओट्यावर बसून गटाच्या लोकांना फक्त एक विचारा, की 2014 नंतर गर्दी कमी करायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त विरोध कुणाचा होता आणि तो कसा मावळला. नाशिकचे बेदाणे सोबत न्या, किलो-दोन किलो, ओट्यावर वाटायला. आल्यावर फोन करा, बॅचचं मग बसून ठरवू.